जुन्या कॉन्टेसाच्या एसीत १३४ गॅस: टाकण्याआधी काय काय करावं लागतं

प्रश्न अमरावतीहून आलाय. १९९३ ची कॉन्टेसा क्लासिक, १.८ चं पेट्रोल इंजिन, वडिलांच्या हातची. एसी सात वर्षांपासून बंद. गावातला एक मेकॅनिक म्हणतो, जुना गॅस आता मिळत नाही, अडॅप्टर लावून १३४ (आर-१३४ए हा नंतर आलेला गॅस) टाकून देतो, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो, कॉम्प्रेसरपासून पाइपांपर्यंत सगळं नवं घाला, नाहीतर मी हात लावत नाही. तिसऱ्याने हायड्रोकार्बन गॅस सुचवलाय. त्याला म्हणे काहीच बदलावं लागत नाही. रेडिएटरचा पंखा इंजिनच्या बेल्टवरचाच आहे आणि एसी चालू होता तेव्हाही सिग्नलला गार कमीच व्हायचा, असंही लिहिलंय. सोबत बॉनेट उघडून काढलेले चार फोटो. कुणाचं ऐकू?

पहिल्याचं ऐकू नका. तिसऱ्याला गाडीपाशी फिरकू देऊ नका. दुसऱ्याच्या यादीतलं निम्मं कापा, उरलेलं करून घ्या.

मी नागपुरात १९८९ पासून गाड्यांच्या एसीचंच काम करतोय. सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही आर-१२, म्हणजे तुमच्या गाडीतला जुना गॅसच, भरत होतो. मॅफ्रॉन, फ्लोरॉन ही सिलिंडरवरची नावं; ग्राहकाच्या तोंडी मात्र सरसकट ‘फ्रिऑन’. तो गॅस ओझोनचा थर खातो म्हणून जगभर बंद करायचं ठरलं. प्रगत देशांनी १९९६ च्या सुरुवातीपासून त्याचं उत्पादन थांबवलं, आपल्याला जास्तीची मुदत मिळाली. २००३ पासून नव्या गाडीत तो घालायला आपल्याकडे बंदी आली, ऑगस्ट २००८ मध्ये देशातलं उत्पादन थांबलं आणि २०१० पासून विषय संपला. त्यामुळे पहिला मेकॅनिक एवढ्यापुरता खरं बोलतोय: जुना गॅस मिळत नाही. कुणी ‘माझ्याकडे ठेवलाय’ म्हणाला, तर त्या सिलिंडरमध्ये नेमकं काय आहे याची शपथ तोही घेऊ शकणार नाही.

आता माझीच एक चूक सांगतो, कारण तुमचा पहिला मेकॅनिक तीच करायला निघालाय. आर-१३४ए आमच्याकडे नवीन आला तेव्हा मला वाटलं, गॅससारखा गॅस, प्रेशर जवळपास तेच, मग अडचण काय? एका डॉक्टरांच्या गाडीतला उरलासुरला आर-१२ सोडला, व्हॅक्यूम मारला, १३४ भरला. डॅशबोर्डच्या जाळीतून अशी गार हवा आली की डॉक्टर खूश, मी त्याहून खूश. तीन आठवड्यांनी कोंढाळीजवळून फोन: बेल्ट जळाल्याचा वास येतोय आणि एसी बंद. कॉम्प्रेसर जाम झाला होता. खोलला तर आत पिस्टनच्या बाजूला तेलाचा थेंब नाही, घासून घासून अॅल्युमिनियमची करडी पेस्ट झालेली. तेल गेलं कुठे म्हणून डॅशबोर्डच्या आतली, हवा गार करणारी कूलिंग कॉइल उतरवून उलटी केली. कपभर तेल खाली आलं.

झालं असं होतं. आर-१२ सोबत खनिज तेल वापरतात. ते तेल त्या गॅसमध्ये विरघळतं, गॅसबरोबर सगळ्या पाइपांतून फिरतं आणि परत कॉम्प्रेसरात येतं. १३४ मध्ये ते विरघळत नाही. वरणावर तेलाचा तवंग सुटतो तसं वेगळं पडतं, कॉइलच्या तळाशी जाऊन बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. गॅस चालतो, गार होतं, आणि आतल्या आत यंत्र मरत असतं. त्या कॉम्प्रेसरचे पैसे मी भरले. तेव्हापासून ग्राहकाला सांगत आलोय, गॅस बदलणं हे या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शेवटचं काम आहे. आधी तेल, मग ओलावा, मग कंडेन्सर (रेडिएटरसमोरची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी कॉइल). आणि तुमच्या गाडीत कंडेन्सरचा नंबर कदाचित पहिला.

फोटोंकडे येतो. कॉम्प्रेसर सँडनचा, पाच पिस्टनचा ५०८ जातीचा. चांगलं यंत्र, मला आवडतं. पण तिसऱ्या फोटोत बॉनेटची आतली बाजू नीट बघा. कॉम्प्रेसरच्या क्लचच्या बरोबर वर, आडवी, काळपट, धूळ चिकटलेली एक रेघ दिसतेय. क्लच फिरताना तेल भिरकावलं गेलं की तिथे अशी रेघ उठते. याचा अर्थ शाफ्टचं सील गळतंय, आणि सात वर्षांपूर्वी तुमचा गॅस बहुधा इथूनच गेला. हे न पाहता १३४ टाकला असता तर तोही याच वाटेने गेला असता. कुठल्याही जुन्या गाडीत ‘कोणता गॅस भरायचा’ याच्या आधी ‘पहिला गॅस कुठून गेला’ हे शोधायचं असतं, आणि याच एका प्रश्नाला बहुतेक लोक बगल देतात.

सील बदलता येतं. पण आधी एक करा. इंजिन बंद असताना क्लचची पुढची थाळी (पुली नाही, तिच्या पुढची) हाताने फिरवा. पाच हलके गचके जाणवायला हवेत, एकेका पिस्टनचा एकेक. खरखर लागली, एखादा गचका हरवला किंवा थाळी फिरलीच नाही, तर सीलवर पैसे घालू नका. त्याच मोजमापाचा, १३४ साठीच बनवलेला ५एच१४ मिळतो. तोही पाच पिस्टनचा, एका फेरीत १३८ घनसेंटिमीटरच ओढणारा. ब्रॅकेट सहसा जुनंच चालतं. घेताना पुलीच्या खाचा आणि पाइपांची तोंडं जुन्याशी जुळवून घ्या, नाहीतर पाइपवाल्याकडे दोन खेपा जास्तीच्या होतात. सात वर्षं बंद असलेल्या ५०८ पेक्षा मी तरी हाच घेईन. पण हात फिरवल्यावर गोड चालत असेल तर जुना ठेवायलाही हरकत नाही, सील मात्र नवं.

जुना ठेवलात तर त्यातलं तेल पूर्ण काढायचं. कॉम्प्रेसर उतरवा, तेलाचं प्लग खोला, उलटा करा, थाळी हाताने फिरवत राहा, थेंब थांबेपर्यंत. मापाच्या भांड्यात धरा, म्हणजे किती निघालं ते कळेल. रंगही बघा. मधासारखं असेल तर कॉम्प्रेसर आतून ठीक आहे. काळं असेल, त्यात चमकणारा चुरा असेल, तर वरचं सगळं विसरा, नवा घ्या.

नव्या तेलाचे दोन प्रकार बाजारात आहेत, पॅग आणि एस्टर. १३४ च्या नव्या गाड्यांत पॅग असतं आणि वंगण म्हणून ते उत्तम आहे. पण जुन्या सिस्टिममध्ये कुठे ना कुठे खनिज तेलाचा, आर-१२ मधल्या क्लोरिनचा अंश राहतोच, आणि तो पॅगला सोसत नाही. एस्टर त्या बाबतीत सोशिक. म्हणून जुनाच कॉम्प्रेसर ठेवून बदल करणार असाल तर १०० नंबरच्या जाडीचं एस्टर वापरा. नवा ५एच१४ घेतला तर त्यात कारखान्यातून पॅग भरलेलं असतं. मग तेच राहू द्या, पण बाकीची सिस्टिम मनापासून धुऊन घ्या. दोन्ही तेलं हवेतला ओलावा ओढतात. पावसाळ्यात डब्याचं झाकण तासभर उघडं राहिलं तर ते तेल मी वापरत नाही. मेकॅनिक ड्रॉवरमधून अर्धी बाटली काढून तेल घालू लागला तर सरळ सांगा, माझ्यासमोर नवा डबा फोडा.

धुण्याबद्दल. आपल्याकडे पेट्रोल, रॉकेल, थिनर, जे हाती येईल त्याने पाइप धुतात. करू देऊ नका. रॉकेलचा अंश राहिला की नवं तेल पातळ होतं. पेट्रोलचं काय सांगावं, एक ठिणगी पुरे. एसीचंच फ्लशिंग सॉल्व्हंट मिळतं, ते वापरा आणि नंतर कोरड्या नायट्रोजनने पाइप फुंकून काढा. धुवायच्या त्या फक्त कूलिंग कॉइल, धातूचे पाइप आणि साध्या वळणांचा जुना कंडेन्सर. कॉम्प्रेसर, एक्स्पान्शन वॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारी झडप) आणि ड्रायर कधीच धुवायचे नाहीत.

ड्रायर तर फेकायचाच. आत ओलावा शोषणारे मणी असतात. आर-१२ च्या काळातले मणी १३४ आणि त्याच्या तेलात टिकत नाहीत, त्यांची भुकटी होते आणि ती थेट एक्स्पान्शन वॉल्व्हच्या जाळीवर जाऊन बसते. मी कधीकधी ग्राहकासमोर जुना ड्रायर करवतीने कापतो. सात-आठ वर्षं सिस्टिम उघडी राहिलेल्या गाडीतून निघतं ते ओल्या विभूतीसारखं काहीतरी असतं, वास कुबट. तो लगदा एकदा पाहिला की नव्या ड्रायरच्या पैशावरून कुणी घासाघीस करत नाही. १३४ ला चालणारा ड्रायर मागा, आणि त्याची टोपणं सगळ्यात शेवटी काढा, व्हॅक्यूम पंप लावायच्या आधी पाच मिनिटं. सकाळी टोपणं काढून दुपारी जोडलेला ड्रायर म्हणजे पाणी पिऊन आलेला पाहुणा.

जोडांतल्या रबरी ओ-रिंगा सगळ्या बदला, १३४ ला चालणाऱ्या एचएनबीआर रबराच्या. बहुधा हिरव्या असतात, पण रंगावर भरवसा ठेवू नका, पाकिटावर काय लिहिलंय ते बघा. बसवताना तेलाचं बोट फिरवा. कोरडी रिंग पिळली जाते आणि महिन्याने गळते.

रबरी पाइपांबाबत मेकॅनिकांत दोन तट आहेत. १३४ चे रेणू आर-१२ पेक्षा लहान, त्यामुळे जुन्या साध्या रबरातून ते पाझरतात. नव्या होजला आतून नायलॉनचा थर असतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, वर्षानुवर्षं खनिज तेल प्यालेलं रबर स्वतःच गॅस अडवतं. तेही खोटं नाही, तशा गाड्या मी दोन-तीन उन्हाळे बिनतक्रार चाललेल्या पाहिल्यात. पण तुमचे होज तीस वर्षांचे आहेत आणि चौथ्या फोटोत कॉम्प्रेसरपाशी एकावर बारीक भेगा दिसतायत. इथे वाद घालण्यात अर्थ नाही. जुन्या धातूच्या टोकांवर असा थर असलेला नवा बॅरिअर होज दाबून बसवून (क्रिंप करून) मिळतो, अख्खा पाइप मागवायची गरज पडत नाही. धातूचे पाइप आणि कूलिंग कॉइल गळत नसतील तर तेच ठेवा. दुसऱ्या मेकॅनिकच्या यादीतून मी जे निम्मं कापा म्हणालो, ते हेच.

एक्स्पान्शन वॉल्व्ह बदला, १३४ चा घ्या. डॅशबोर्ड खोललेला असतो तेव्हाच हे काम होतं. परत खोलायची मजुरी वॉल्व्हच्या किमतीहून जास्त.

आता कंडेन्सर. विदर्भात सगळा खेळ इथे आहे.

दोन्ही गॅसांचा फरक नीट समजून घ्या. कॉइलमध्ये, म्हणजे शून्य अंशाच्या आसपास, १३४ चं प्रेशर आर-१२ पेक्षा किंचित कमीच असतं. पंचवीस अंशांना दोघं जवळपास बरोबरीत. पण तापमान चढत गेलं की १३४ पुढे निघून जातो. कंडेन्सरमध्ये ६० अंश असतील तर आर-१२ साधारण २०६ पीएसआय दाखवेल आणि १३४ सुमारे २३० च्या घरात. पुण्याच्या डिसेंबरमध्ये हा फरक कुणाला कळणारही नाही. अमरावतीत मे महिन्यात बाहेर ४५ अंश, सिग्नलला गाडी उभी, बेल्टवरचा पंखा आळसावून फिरतोय, रेडिएटरची गरम हवा खालून वळून परत पुढे येतेय. तेव्हा कंडेन्सरमधलं तापमान ६० वर थांबत नाही. प्रेशर तीनशेच्या वर चढतं, कॉम्प्रेसर कण्हतो, इंजिनचा काटा वर जातो आणि जाळीतून कोमट हवा येते. मग ग्राहक येऊन म्हणतो, ‘भाऊ, हा नवा गॅस थंडा मारत नाही.’ गॅस बिचारा निर्दोष असतो. तुमची गाडी तर आर-१२ वरही सिग्नलला कमी गार व्हायची, म्हणजे कंडेन्सरची हवा तेव्हापासूनच कमी पडतेय.

उपाय तीन. पहिला, कंडेन्सरसमोर बारा-चौदा इंचाचा विजेचा पंखा, स्वतंत्र रिलेवर, एसीचा क्लच लागला की तोही सुरू होईल असा. तो आठ-दहा अँपिअर खातो, तेव्हा जुन्या अल्टरनेटरची तब्येत आधी तपासा. पंखा लावला की वर्तमानपत्राचा कागद कंडेन्सरसमोर धरा. कागद पंख्याच्या जाळीला चिकटला पाहिजे. उडून तुमच्या तोंडावर आला तर वायर उलट्या जोडल्यात. हसू नका, गेल्या उन्हाळ्यातच अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. दोन हजार खर्चून बसवलेला पंखा समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत होता.

दुसरा, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली, आजूबाजूची फट फोमच्या पट्टीने बंद करा. पैसे लागत नाहीत म्हणून कुणी करत नाही. तिसरा, जुना कंडेन्सर काढून त्याच मापाचा पॅरलल फ्लो कंडेन्सर बसवा. जुन्यात एकच नळी नागमोडी फिरते; यात बऱ्याच चपट्या नळ्या शेजारी शेजारी असतात, तेवढ्याच जागेत जास्त उष्णता बाहेर जाते. १३४ साठी हा खरा इलाज. फक्त हा नंतर कधी नीट धुता येत नाही, म्हणून बाकी सगळी सिस्टिम स्वच्छ झाल्यावरच तो बसवायचा.

पैशाची ओढाताण असेल तर आधी पंखा आणि फोम करा, गॅस भरा, आणि ऐन दुपारी ही परीक्षा घ्या. गाडी उभी, एसी चालू, जाळीत थर्मामीटर. साध्या फवाऱ्याने कंडेन्सरवर पाणी मारा. आपल्या घरच्या कूलरचं तत्त्व, फक्त वाळ्याच्या जागी कंडेन्सर. पाणी मारताच जाळीतलं तापमान चार-पाच अंशांनी उतरलं तर कंडेन्सर कमी पडतोय, बदलाच. फारसा फरक पडला नाही तर दोष दुसरीकडे आहे, आणि अशा वेळी मी आधी हीटरचा कॉक बघतो. जुन्या गाड्यांत तो पूर्ण बंद होत नाही. डॅशबोर्डच्या आत एकीकडे गार कॉइल आणि शेजारी उकळत्या पाण्याचं हीटर कोअर, दोघांची कुस्ती चालू असते. हीटरच्या रबरी पाइपला एसी चालू असताना हात लावून बघा. चटका बसला तर सापडलं.

एक सुरक्षेची गोष्ट, तीही सोडू नका. हाय साइडला (कॉम्प्रेसरमधून गॅस बाहेर पडतो ती जास्त दाबाची बाजू; आत येतो ती लो साइड) ड्युअल प्रेशर स्विच बसवा, क्लचच्या वायरीत. गॅस संपून प्रेशर तीस पीएसआयच्या खाली गेलं किंवा साडेचारशेच्या वर चढलं की तो क्लच तोडतो. जुन्या सिस्टिममध्ये पुष्कळदा असा स्विच नसायचाच. पंखा बंद पडला त्या दिवशी हाच तुमचा कॉम्प्रेसर वाचवतो.

जोडणी झाली की आधी लीक बघायची. पूर्वी आमच्याकडे एक छोटी गॅसची चूल असायची, हॅलाइड टॉर्च. तिची नळी पाइपावरून फिरवायची. आर-१२ गळत असेल तिथे निळी ज्योत एकदम हिरवी व्हायची. दिसायला मोठं सुंदर, पण धूर विषारी, वरून नाक जवळ न्यायची आमची सवय. १३४ मध्ये क्लोरिनच नाही, त्यामुळे ती ज्योत आता हिरवी होत नाही. मला अजून तिची आठवण येते, ते असो. आता कोरडा नायट्रोजन दीडशे पीएसआयपर्यंत भरा, साबणाचं पाणी लावा, आणि वॉल्व्ह बंद करून काटा रात्रभर तसाच ठेवा. सकाळी काटा जागेवर हवा, रात्रीच्या गारव्याने दोन-तीन पीएसआय उतरला तर चालतो. वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन या कामाला कधीही नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. टायरवाल्याची हवाही नाही. त्यात पाणी असतं, आणि १३४ मध्ये दाबाखाली हवा मिसळली तर एरवी न पेटणारं ते मिश्रण पेटू शकतं.

मग व्हॅक्यूम. सात वर्षांचा ओलावा बाहेर काढायचा एकच मार्ग, प्रेशर इतकं उतरवायचं की आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होईल. ३० अंशांना त्यासाठी आतला दाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरच्याही खाली न्यावा लागतो. फ्रीजचा जुना कॉम्प्रेसर उलटा लावून व्हॅक्यूम मारणारे पुष्कळ आहेत. त्याचा भरवसा धरू नका. खरा व्हॅक्यूम पंप हवा, आणि तुमच्यासारख्या गाडीला निदान दीड-दोन तास. पंप बंद केल्यावर अर्धा तास काटा तसाच राहायला हवा. हळूहळू थोडा चढून थांबला तर आत अजून ओलावा आहे, चढतच राहिला तर लीक आहे. ‘पंधरा मिनिटं खूप झाली’ म्हणणाऱ्याला दोन चहा पाजा, पण पंप बंद करू देऊ नका.

गॅस भरणं आता उरतं. आर-१२ चे तोंडाचे आटे वेगळे, १३४ चे कपलर वेगळे, म्हणून अडॅप्टर लागतात. लो साइडला १३ मिलिमीटर, हाय साइडला १६. मुद्दामच असे ठेवलेत, म्हणजे चुकून कुणी भलता गॅस जोडू नये. अडॅप्टर घट्ट बसवून जुनी तोंडं कायमची झाकली जाऊ द्या.

किती भरायचा? १३४ एका किलोमागे आर-१२ पेक्षा जास्त उष्णता वाहतो आणि त्याचा द्रव हलका, म्हणून तो वजनाने कमी लागतो, जुन्या मापाच्या ८० ते ९० टक्के. बॉनेटखालच्या पट्टीवर समजा ८०० ग्रॅम लिहिलं असेल तर ६८० च्या आसपास. तुमच्या फोटोत पट्टी दिसत नाही, बहुधा रंगकामात गेली. मग असं करा. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा, किराण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. पहिले ४०० ग्रॅम आत घ्या. इंजिन दीड हजार फेऱ्यांवर, दारं उघडी, ब्लोअर पूर्ण. यापुढे ५०-५० ग्रॅम, सिलिंडर उभा, फक्त लो साइडने, दर वेळी पाच मिनिटं थांबून. गॅस वाढेल तशी जाळीतली हवा गार होत जाईल. एका टप्प्यावर ५० ग्रॅम टाकूनही पारा हलणार नाही, उलट हाय साइड चढेल. तिथे थांबा, पुढे एक ग्रॅम नाही. ३५ अंशांच्या दिवशी लो साइड ३०-४० आणि हाय साइड सव्वादोनशेच्या आसपास दिसली तर समाधान माना. ४५ अंशांना हाय साइड अडीचशे ते पावणेतीनशे जाते, घाबरू नका. इंजिन चालू असताना हाय साइडचा वॉल्व्ह कधीही उघडायचा नाही, ते प्रेशर उलट सिलिंडरमध्ये शिरतं आणि छोटा कॅन हातात फुटतो.

आणि ड्रायरवरची काच! जुने मेकॅनिक काचेतले बुडबुडे बघून गॅस भरतात. आर-१२ ला ते बरोबर होतं, बुडबुडे गेले की माप पुरं. १३४ मध्ये काच दुधाळ दिसते, बुडबुडे कधी जातात कधी जात नाहीत. ते घालवायच्या नादात माणूस दोनशे ग्रॅम जास्त भरतो आणि सिग्नलला गाडी तापायला लागते. माझ्याकडे ‘१३४ चालत नाही’ म्हणून आलेल्या निम्म्या गाड्यांत मी नुसता गॅस कमी केलाय.

तिसऱ्या मेकॅनिकचा हायड्रोकार्बन म्हणजे प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. गार छान करतो, जुन्या तेलातही मिसळतो, हे खरं. तुमच्या घरातल्या फ्रीजमध्येही आज असाच गॅस असतो, पण शंभर ग्रॅमच्याही आत, आणि तो फ्रीज त्याच हिशोबाने बनवलेला. गाडीत तो शेकड्यांनी ग्रॅम लागतो आणि तुमची कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, बंद काचांच्या केबिनमध्ये आहे. तिथे लीक झाली आणि ब्लोअरच्या मोटरने ठिणगी टाकली तर? घरच्या जुन्या एसीतला २२ नंबर (आर-२२) टाकणारेही भेटतील. त्याचं प्रेशर ६० अंशांना सव्वातीनशेच्या पुढे, जुना होज फाटेल. आणि अगदी नव्या गाड्यांत येणारा आर-१२३४वायएफ तुम्हाला नको. तो महाग, थोडा ज्वलनशील, आणि तुमच्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही. १३४ लवकरच बंद होणार ही भीतीही सोडा. त्या जातीच्या गॅसांचा वापर भारत २०२८ पासून गोठवणार आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७ पर्यंत नेणार आहे. तुमचा कॉम्प्रेसर त्याआधी दोनदा म्हातारा होईल.

१३४ घेताना मात्र सीलबंद, बिलासकट घ्या. स्वस्तातल्या बनावट सिलिंडरमध्ये मिथाइल क्लोराइड मिसळलेलं सापडलंय. ते अॅल्युमिनियमशी अशी काही प्रक्रिया करतं की आतला पदार्थ हवेला लागताच पेट घेतो. २०११ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये जहाजांच्या शीतकंटेनरचे स्फोट यातूनच झाले, माणसं गेली.

अपेक्षा काय ठेवायची तेही सांगून ठेवतो. सगळं नीट केलं तर महामार्गावर जाळीत सात-आठ अंश मिळतील, सिग्नलला बारा-चौदा. आर-१२ वर ही गाडी धावताना एखाद-दोन अंश जास्त गार करत असेल, पण सिग्नलला नव्या पंख्यामुळे तुमचं आत्ताचं काम वडिलांच्या वेळेपेक्षा बरं निघेल. मेच्या कोरड्या उन्हात समाधान वाटेल; जुलैच्या दमट दुपारी थोडं कमी, कारण तेव्हा कॉइलची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते.

काम फेब्रुवारीत काढा. एप्रिलनंतर आमच्याकडे रांग लागते आणि रांगेत व्हॅक्यूमचे दोन तास कुणी देत नाही. सिस्टिममध्ये थोडाफार आर-१२ शिल्लक निघाला तर हवेत सोडू देऊ नका, रिकव्हरी मशीन (गॅस ओढून साठवणारं यंत्र) असलेल्याकडे काढून घ्या. नंतर हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावत जा, शाफ्टच्या सीलला तेल लागतं. आणि सगळं झाल्यावर बॉनेटखाली एक पट्टी चिकटवून घ्या: तारीख, आर-१३४ए, किती ग्रॅम, तेल एस्टर की पॅग आणि किती. मेकॅनिक कंटाळा करेल, पेन तुम्हीच हातात घ्या.